धुतलेल्या साड्या

मिथुननं मोबाइल आडवा करून भाजीच्या डब्याला टेकवला आणि म्हणाला, "आला मॅडम, तुमच्या सिनेमाचा ट्रेलर आला." बँकेच्या मागच्या खोलीत दुपारचं जेवण चाललं होतं. मिथुन कॅशवर बसायचा, दैवशाला मॅडम कर्जाचं बघायच्या, आणि सुमेधा त्या दोघांची साहेब होती. पण डबे उघडले की साहेबी झाकणाबरोबर बाजूला पडायची. सिनेमा काही सुमेधाचा नव्हता. मुंबईच्या लोकांनी काढलेला हिंदी सिनेमा, नाव 'अलग घड़े', विषय पाण्याचा. एका गावात टँकर येतो, रांगा मात्र दोन लागतात, आणि दुसऱ्या रांगेतली एक पोर पाण्यावाचून जाते. दोन वर्षांपूर्वी त्याचं शूटिंग वडीगोद्रीच्या बाजूला सुमेधाच्या माहेरच्या वस्तीत झालं होतं आणि रांगेतल्या बायकांत तिची माय उभी राहिली होती, एवढंच काय ते नातं. पण त्या शूटिंगची गोष्ट सुमेधानं इतक्यांदा सांगितली होती की शाखेत सगळे त्याला 'तुमचा सिनेमा'च म्हणत. मोबाइलवर धूळ उडाली, टँकर आला, दाढीवाल्या हिरोनं गाडीची काच खाली केली, मग बायकांची रांग दिसली. त्या रांगेवरून चित्र सरकत गेलं आणि पापणी लवेल न लवेल इतका वेळ एका बाईवर थांबलं. माय होती. अंगावरची साडी पुरून ठेवून उकरून काढल्यासारखी, काठ विटलेला, पदरावर चिखल वाळलेला. "मॅडम, ह्या तुमच्या आई ना?" मिथुन म्हणाला. "पण साडी तर..." आणि तो थांबला. मिथुन वाईट माणूस नव्हता म्हणून थांबला. वाईट असता तर त्यानं वाक्य पुरं केलं असतं आणि सुमेधाला त्याच्याशी भांडता आलं असतं. दैवशाला मॅडमनी लोणच्याची बाटली तिच्याकडे सरकवली आणि म्हणाल्या, "हल्ली कॉम्प्युटरवर रंग बदलतात हो. सगळं मातकट करून टाकतात." सुमेधानं हो म्हटलं आणि लोणचं घेतलं, तिला नको असताना.

गोष्ट अशी होती. सिनेमावाल्यांना वस्ती हवी होती, पण वस्तीत त्यांना हवं तसं घर सापडेना. सगळी घरं सिमेंटची, दारात नळ, दोन घरांसमोर मोटारसायकली, विहाराला नवा निळा रंग. शेवटी त्यांनी सुमेधाच्या माहेरामागच्या मोकळ्या जागेत कुडाचं एक घर बांधून घेतलं, आणि वस्तीतल्या म्हाताऱ्या ते बघायला गेल्या आणि म्हणाल्या, आमचं ह्याच्यापेक्षा बरं होतं. शूटिंग उजाडायच्या आत होतं म्हणून आदल्या संध्याकाळीच बायकांना साड्या वाटल्या. मायनं घरी येऊन गाठोडं सोडलं. फाटकी, डागाळलेली, चहाचा आणि धुळीचा वास मारणारी साडी. मायचं नाव कौसल्या. दुसऱ्याची वस्तू परत करताना घेतली त्याहून स्वच्छ करून द्यायची, ही तिच्या घरची रीत होती. शेजारच्या वाटीत साखर आणली तर वाटी घासून, वर चिमूटभर काहीतरी घालून परत जायची. तेव्हा तिनं बंबात पाणी तापवलं, सोडा टाकला आणि साडी खसाखसा धुतली. फाटलं होतं तिथं ठिगळं लावली. लाईट गेली होती म्हणून पितळी तांब्यात निखारे घालून त्या तांब्यानं साडीवर इस्त्री फिरवली. मायचं बघून शेजारच्या बेबीनंदामावशीनं धुतली, तिचं बघून आळीनं धुतली. सकाळी सगळ्या बायका घागरी घेऊन रांगेत उभ्या, अंगावर धुतलेल्या, ठिगळ लावलेल्या, घड्या मोडलेल्या साड्या. डायरेक्टर आला आणि बघतच राहिला. त्यानं मायपुढं हात जोडले आणि म्हणाला, माताजी, ऐसेही चलेगा. इथं गोष्ट संपायची, आणि ऐकणारे हसता हसता एकदम गप्प व्हायचे, आणि ते गप्प होणं सुमेधाला फार आवडायचं.

नवऱ्यानं, नागसेननं, एकदा हसून म्हटलं होतं की ही गोष्ट म्हणजे तुझी ठेवणीतली पैठणी आहे, चार लोकांत जाताना नेसतेस. तो शाळामास्तर, असली वाक्यं त्याला सुचायची. पण खोटं नव्हतं ते. पुण्याच्या ट्रेनिंगला जेवणाच्या टेबलावर, मुलाच्या शाळेतल्या पालकांत, कुणीतरी गोड बोलता बोलता 'तुम्ही वाटत नाही हं' असं म्हणून गेलं की सुमेधा वाद घालत नसे. थोडा वेळ जाऊ देई आणि मग सहज म्हणे, आमच्या वस्तीत एकदा सिनेमावाले आले होते. माय साडी धुवायची, डायरेक्टर हात जोडायचा, आणि सुमेधाची मान आपोआप सरळ व्हायची. आता रात्रंदिवस नाही, पण मधूनच, एखादी फाइल बघताना किंवा कुकरची शिट्टी मोजताना, ती चिखलाची साडी डोळ्यापुढं यायची. म्हणजे डायरेक्टरनं फसवलं. ऐसेही चलेगा म्हणाला आणि घरी जाऊन मळ चढवला. ह्या विचाराचा राग यायचा, आणि राग आला की बरं वाटायचं, कारण रागाला निदान पत्ता असतो. पण त्याच्यामागून दुसरा विचार हळूच यायचा. ते 'ऐसेही चलेगा' मायनं तिला सांगितलं होतं का? त्या दिवशी मायचा फोन आला तेव्हा सुमेधा जुन्या शाखेच्या जिन्यात उभी होती. त्याच सकाळी तिथल्या एकानं, तिला बढती मिळाली म्हणून पेढा खाता खाता, 'तुमचं काय मॅडम, तुम्हाला सोपं असतं' असं म्हटलं होतं आणि तिनं त्याला दुसरा पेढा दिला होता. त्या पेढ्याचा राग तिला आजही होता. जिन्यात माय फोनवर सांगत होती, साडी धुतली, सगळ्यांनी धुतल्या, डायरेक्टरनं हात जोडले. मग? मग सुमेधाच काहीतरी मोठ्यानं बोलली होती, शाबास माय म्हणाली होती, हसली होती, आणि डोळे पुसले होते. पुढचं वाक्य मायच्या आवाजात आठवत नव्हतं. जितकं आठवायला जावं तितकं ते आपल्याच आवाजात ऐकू येत होतं.

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, तशी ती ठेवून द्यावी असं तिनं ठरवलं. सिनेमा येईल, जाईल. पण जालन्यात सिनेमा लागला त्याच दिवशी मायचा फोन आला. "शनिवारच्या गाडीनं येऊन राह्यले मी. तिकिटं काढून ठिव."

"माय, गर्दी लई आहे. तिकिटं मिळून नाही राह्यली," सुमेधा म्हणाली. मायशी बोलताना तिची भाषा आपोआप घरी जायची.

"मंग दुसऱ्या दिवसाची काढ. मी राहीन की. कमरबीला सांगितलंय, बघून येते म्हणून. तिच्या डोळ्याचं आप्रेशन झालंय, तिला न्हाई येता येत."

कमरबी वडीगोद्रीतली शिलाईवाली. मायचे, सुमेधाचे, आळीतल्या सगळ्यांचे ब्लाऊज तिच्याच मशीनवर झालेले. सुमेधाच्या लग्नाचा सुद्धा. कमरबीला उत्सुकता असणारच, असं सुमेधाला वाटलं. मग मिथुननंच मोबाइलवर चार तिकिटं काढली, कारण त्याला आणि दैवशाला मॅडमना यायचंच होतं, आणि नको म्हणायला सुमेधाकडे सांगण्यासारखं कारण नव्हतं. आपल्याच हातानं आपण खड्डा खणतोय असं वाटत असताना माणूस जसा तो निदान नीट चौकोनी खणतो, तशी तिनं चांगल्या रांगेतली तिकिटं काढायला सांगितली.

शनिवारी दुपारी स्टँडवर माय एसटीतून उतरली ती पांढरी साडी नेसून. निळ्या काठाची, विहारात वंदनेला जाताना, लग्नाला, गेलेल्याच्या पुण्यानुमोदनाला नेसायची ती. कडक इस्त्री. "सिनेमाला ही?" सुमेधानं विचारलं. "मंग? चांगल्याच कामाला चाललो की," माय म्हणाली आणि हातातली पिशवी तिच्याकडे न देता स्वतःच धरून चालू लागली. रिक्षात ती मोंढ्याकडच्या वर्दळीकडे, सळईच्या ट्रककडे, रसवंतीच्या घुंगराकडे बघत होती आणि प्रत्येक गोष्टीला मान हलवत होती, जसं काही हे सगळं तिला विचारून ठेवलं होतं. सुमेधाला तिला तिथंच, रिक्षात, सांगायचं होतं. माय, त्यांनी तुझी साडी मळवली. ऐनवेळी बघून धक्का बसण्यापेक्षा आधी सांगितलेलं बरं. तोंड उघडलं तर म्हणाली, "धपाटे आणलेस का?" "आणलेत. तुझ्या त्या दोघांना पण आणलेत," माय म्हणाली. मायच्या मांडीवरच्या पिशवीतून लसणाच्या ठेच्याचा वास येत होता आणि त्या वासानं सुमेधाला इतकं बरं वाटलं की सांगायचं ते राहून गेलं. काळजी होती ती होतीच. पण मायच्या शेजारी बसलं की काळजीसुद्धा जरा ऐसपैस बसते, अंगावर येत नाही.

थिएटरच्या दारात राखणदारानं पिशवी उघडायला लावली. बाहेरचं खाणं आत न्यायचं नाही. मायनं त्याच्याकडे नीट पाहिलं, जेवला का म्हणून विचारलं, आणि त्याच्या हातावर दोन धपाटे ठेवले. पिशवी मग आत गेली. मिथुन आणि दैवशाला मॅडम आधीच बसले होते. दोघांनी उठून मायला नमस्कार केला, मिथुननं वाकून केला. त्या वाकण्यात काहीतरी जास्तीचं आहे असं सुमेधाला वाटलं आणि असं वाटल्याबद्दल स्वतःचाच राग आला. अंधार झाला. गार हवा, मक्याच्या लाह्यांचा खारट वास, आणि पडद्यावर एकदम तिच्या माहेरचं आभाळ. तिच्या ओळखीची बाभळ, ओळखीचं वळण, आणि त्या वळणावरून येणारी हिंदी. सिनेमा वाईट नव्हता. पत्रकार हिरो जरा जास्त बोलत होता, पण ती मरणारी पोर आणि तिची आई यांनी कामं अशी केली होती की पुढच्या रांगेतला एक माणूस मोबाइल खिशात ठेवून बसला. सुमेधाला मात्र सिनेमा दिसत नव्हता, ती नुसती वाट बघत होती. दवाखान्यात आपला नंबर यायची बघतात तशी.

आणि मध्यंतराच्या जरा आधी ती रांग आली. सगळं चित्र मातीच्या रंगाचं. बायका उन्हात उभ्या. मोबाइलवर पापणीएवढा होता तो क्षण इथं मोठा होता, घराएवढ्या पडद्यावर मायचा चेहरा, मायचा हात, मायची साडी. कॉम्प्युटरचा रंग नव्हता तो. सुमेधा कापसाच्या घरातली होती, तिला माती कळत होती. पदराच्या घडीत काळ्या रानाची माती बसली होती, खरी, वाळलेली, मधूनच ढपली उडालेली.  मग तिनं मायचे हात पाहिले आणि साडी विसरली. रांगेतल्या बाकीच्या बायकांनी घागरी कमरेवर धरल्या होत्या. मायनं घागर जमिनीवर ठेवली होती आणि ती दोन पावलं मागं सरून उभी होती, डाव्या हातानं निऱ्या गोळा करून धरलेल्या, म्हणजे आपली साडी कशालाच लागू नये, आणि नजर घागरीच्या तोंडावर. हे तिला कुणी शिकवलं? सुमेधाला आपलं स्वयंपाकघर आठवलं. माय राहायला आली आणि सुमेधा पाण्याची बाटली भरत असली की माय अशीच दोन पावलं मागं उभी राहायची, हात आवरून, बोलावल्याशिवाय पुढे यायची नाही. सुमेधाला वाटायचं, लेकीच्या घरी पाहुणी असल्यासारखी वागते. तिला त्याचा रागही यायचा. मायचं माहेर जाफराबादकडचं. तिथल्या विहिरीवर, लहानपणी, वरून कुणी ओतलं तर पाणी, नाहीतर उभं राहायचं, एवढं सुमेधाला माहीत होतं. पण माहीत होतं ते शाळेत धडा माहीत असतो तसं. ते मायच्या अंगात इतकी वर्षं उभं होतं, सुमेधाच्या पाण्याच्या फिल्टरच्या शेजारी, आणि सुमेधा मायला म्हणत होती, अगं सर ना पुढं. अंधारात तिनं मायचा हात धरला. हात ऊबदार होता, धपाट्याचं तेल लागलेला. मागच्या रांगेतून कुणीतरी 'बिचाऱ्या' म्हणालं.

"ते बघ ठिगळ," माय कानाशी म्हणाली. तिचा आवाज अगदी खुशीत होता. "माझा टाका हाये तो. दिसला का? अन् ती तिसरी बेबीनंदा. बघ कशी उभी हाये, हासून राह्यली. डायरेक्टर सारखा म्हणायचा, हंसो मत, हंसो मत." बेबीनंदामावशी गेल्या वर्षी वारली होती. पडद्यावर ती ओठ दाबून, कष्टानं गंभीर होऊन उभी होती आणि डोळे सगळं सांगत होते. "माय, तसं उभं राहायचं तुला कुणी सांगितलं?" सुमेधानं विचारलं. "तो सांगायला आल्ता. मी म्हणलं, राहू द्या, ते मला येतं," माय म्हणाली, आणि चित्र पुढं गेलं तशी तीही पुढं गेली.

मध्यंतरात उजेड झाला आणि कुणी साडीबद्दल काही बोललं नाही. दैवशाला मॅडमनी धपाट्याची फार स्तुती केली, नको तितकी. मिथुननं मायला विचारलं की कॅमेऱ्यापुढं भीती वाटली का, आणि माय म्हणाली, भीती कशाची, ते आपल्याच दारात आल्ते. सुमेधा सगळ्यांच्या चेहऱ्यांकडे बघत होती. तिला वाटत होतं की मिथुन आणि मॅडम मिळून तिला सांभाळून घेतायत, काचेचं भांडं दोघांनी दोन बाजूंनी धरावं तसं, आणि सांभाळून घेतलं जाण्यासारखी दुसरी लाज नाही. पण माय दुखावली नव्हती. हे मात्र उघड दिसत होतं, आणि त्याचा अर्थ लागत नव्हता. फसवली गेलेली बाई अशी शेंगदाणे सोलून दुसऱ्यांच्या हातावर ठेवत नाही. म्हणजे मायला ठाऊक होतं. म्हणजे गोष्ट... पुन्हा अंधार झाला, बरं झालं.

सिनेमा संपला तेव्हा बरेच लोक नाक ओढत उठले. वाद्यांचा आवाज चालू होता, काळ्या पडद्यावर पांढरी नावं वर सरकायला लागली होती, तेवढ्यात आवाज तुटला, पडदा कोरा झाला आणि दिवे लागले. झाडूवाला पुढच्या दारातून आत आलासुद्धा. मिथुन आणि दैवशाला मॅडम उठले. माय बसूनच राहिली.

"संपलं? नावं कुठं गेली?" ती म्हणाली.

आता हे. सुमेधा तिच्याजवळ वाकली. हे तिनं आधी कसं ओळखलं नाही? पांढरी साडी, इस्त्री, चांगलं काम. माय नाव बघायला आली होती, आणि नाव नसणार हे सांगायचं सुमेधाच्याच वाट्याला आलं होतं. "माय," ती शक्य तितक्या मऊपणे म्हणाली, "रांगेतल्या इतक्या बायका. प्रत्येकीचं नाव नाही टाकत ते. गावाचे आभार मानले असतील."

"माझं कुठं म्हणून राह्यले मी," माय म्हणाली. "मला काय करायचंय माझ्या नावाचं. कमरबीचं बघायचंय. तिला म्हणलेत ते, नाव येईल म्हणून. बराबर शेवटपर्यंत बसा, शेवटाला येतंय, असं सांगून पाठवलंय मला तिनं."

"कमरबीचं कशाला येईल?"

 मायनं शेजारच्या खुर्चीवर हात थोपटला आणि सुमेधा बसली. लोक निघून चालले होते, मिथुन आणि मॅडम दाराशी थांबले होते, आणि माय, घरी चुलीपुढं बसून सांगावं तशी सांगू लागली. "अगं, साड्या धुतल्या ते खरंच. सकाळी आम्ही रांगेत उभ्या राह्यलो, मला तर असं भारी वाटून राह्यलं. डायरेक्टर आला. हात जोडले त्यानं. म्हणला, माताजी, ये आपने क्या किया. मी म्हणलं, धुतली. तवा मला हासू येऊन राह्यलं. अन् मंग कमरबी दिसली. गाडीच्या चाकाला टेकून बसल्ती, डोक्यावरचा पदर तोंडात धरून. त्या साड्या नव्या होत्या गं. कोऱ्या. तिला काम दिल्तं त्यांनी, जुन्या करायचं. चहाच्या पाण्यात बुडवायची, वाळवायची, दगडानं घासायची, मंग ब्लेडनं काठ कातरायचा. आठ दिवस. रोजची शिलाई सोडून. मला म्हणली, कौसल्याबाई, मेरा आठ रोज का काम एक रात में धो डाला तुमने. काय बोलणार? मी तर दुसऱ्याची वस्तू चांगली करून द्यायला गेल्ते. ती घाण न्हवतीच. ते तिचं काम होतं."

झाडूवाला एक रांग पुढं आला. माय सांगतच होती.

"डायरेक्टर बिचारा म्हणून राह्यला, राहू द्या, आजचं बंद करू. त्याचे मोठे लोक तिला रागावून राह्यले. मंग मीच गेले बांधावर. आपल्याच वावरातली माती आणली पदरात. म्हणलं, चला गं बायांनो, कमरबी सांगंल तशी लावा. एकमेकीला लावली, लग्नात हळद लावतो तशी. बेबीनंदानं माझ्या गालाला पण लावली. हासून हासून पोट दुखलं सगळ्यांचं, कमरबी पण हासली. कुठं किती पाहिजे ते तिनं सांगितलं. ठिगळं मी काढून टाकणार होते, तर ती म्हणली, ठिगळ अच्छे हैं, रहने दो. म्हणून राह्यले ते."

"मग मला का नाही सांगितलंस?" सुमेधाचा आवाज तिलाच लहान वाटला.

"सांगूनच राह्यले होते. फोनवर. डायरेक्टरनं हात जोडले, एवढं म्हणलं अन् तू मधीच ओरडलीस, शाबास माय. तुझा आवाज असा मोठा झाल्ता. लई दिवसांनी ऐकला मी तसा. ऑफिसात काहीतरी झालंय हे मला कळून राह्यलं होतं, तू सांगत न्हवतीस. मंग तू ज्याला त्याला सांगायला लागलीस. इतक्या खुशीनं सांगायचीस. म्हणलं, राहू दे, कशाला मोडायचं." मायनं तिच्या केसातला लाहीचा तुकडा काढला. "तुझ्या सांगण्यात मी जरा जास्तीच भारी होते. पण मला पण आवडायची ती गोष्ट."

सुमेधाला हसू आलं. रडू येईल असं वाटत होतं, पण आलं हसू, आणि ते आवरेना, बेबीनंदामावशीसारखं ओठ दाबूनसुद्धा. इतक्या दिवसांचं जे काही पाठीवर होतं ते असं उतरलं की तिला हलकं झाल्याचं अंगात कळलं. त्या पुण्याच्या टेबलावर तिनं उभी केलेली माय ताठ होती, एकटी होती, आणि तिच्यासमोर सगळे गप्प व्हायचे. ही माय पदरात माती घेऊन बांधावरून येत होती आणि सगळ्या हसत होत्या. सुमेधाला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं की त्या रांगेत आपणही असायला हवं होतं. ती उठली. झाडूवाला खुर्च्यांखालून लाह्या ओढत होता. "नावं पुन्हा चालू करा," ती त्याला म्हणाली. तो म्हणाला, पुढचा शो आहे, नावं कुणी बघत नसतं. "आम्ही बघतो. माझ्या मायनं काम केलंय ह्याच्यात. पडद्यावर पाहिली ना तुम्ही, मातीची साडी नेसलेली, ती." ती मोठ्यानं बोलत होती. दारातले लोक वळून बघायला लागले आणि तिनं त्यांना बघू दिलं. झाडूवाल्यानं पांढऱ्या साडीतल्या मायकडे पाहिलं, झाडू टेकवून ठेवला आणि वरच्या खिडकीकडे बघून ऑपरेटरला हाक मारली. मिथुन परत येऊन बसला. दैवशाला मॅडम बसल्या. दारातल्या एका जोडप्यानं काय चाललंय बघावं म्हणून टेकायला जागा शोधली.

पडदा काळा झाला. नावं इंग्रजीत होती आणि भराभर वर जात होती. "वाच मोठ्यानं," माय म्हणाली. सुमेधा वाचू लागली, बँकेत टोकन पुकारावं तशी. लाईटवाले, गाडीवाले, जेवणवाले, रंगवाले. कितीतरी माणसं. मायचं तोंड तिच्या प्रत्येक नावाबरोबर किंचित हलत होतं. कपड्यांचा विभाग आला, आणि खाली, सगळ्यात खाली, चण्याएवढ्या अक्षरांत एक ओळ आली. "कमरबी, वडीगोद्री," सुमेधानं वाचलं. तोपर्यंत ती ओळ वर जाऊन नाहीशी झाली होती. मायनं हात जोडले की काय असं वाटलं, पण ती पिशवीतून मोबाइल काढत होती. बटणांचा साधा मोबाइल, आवाज सगळ्या थिएटरला ऐकू जाणारा.

"कमरबी? आलं गं. आलं. बराबर आलं, गावासकट आलं."

पलीकडून आवाज आला, थरथरता, हसरा. "सच्ची? कितना बड़ा था?"

 मायनं पडद्याकडे पाहिलं, मग सुमेधाकडे.

"पडदाभर होतं," ती म्हणाली.

सुमेधानं पिशवी उचलली, उरलेले धपाटे त्यात नीट ठेवले, आणि मायची गोष्ट मोडली नाही.